वळणाचे गणित : डायमधून वाकून येणारे बार आणि नळ्या

बसच्या छताची कमान, रुग्णाच्या चाकांच्या खुर्चीचा सांगाडा, मोटारीच्या दर्शनी भागात आघात झेलण्यासाठी बसविलेला आडवा दांडा, हरितगृहाच्या कमानी या वस्तू वरवर पाहता एकमेकींपासून फार भिन्न आहेत. परंतु त्या सर्वांत वापरलेले धातूचे बार किंवा नळ्या सरळ नसून वळणदार असतात. धातूला वळण देणे हे काम सोपे वाटते; पण ते अचूक, बळकट आणि स्वस्त करणे हा कारखानदारीतील एक अवघड प्रश्न आहे.

वळण देण्याची रूढ रीत दोन टप्प्यांची आहे. प्रथम सरळ बार अथवा नळी तयार करावयाची आणि ती थंड झाल्यावर यंत्रात धरून वाकवावयाची. या रीतीत चार दोष संभवतात. बाहेरच्या अंगाची भिंत ताणली जाऊन पातळ होते. आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात. नळीचा गोल छेद दबून लंबगोल होतो. शिवाय वाकविणारा जोर काढताच नळी थोडी मागे उसळते, त्यामुळे ती मुद्दाम जास्त वाकवावी लागते. भिंत जितकी पातळ, तितके हे दोष अधिक. अपघाताचा आघात ज्या नळीने झेलावयाचा, तिचीच भिंत वळणावर पातळ झाली असेल तर हा केवळ कारागिरीचा प्रश्न राहात नाही, तो माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

मग डायमधून बाहेर पडतानाच, म्हणजे धातू तापून मऊ झालेला असतानाच, बार हवे तेवढे वळण घेऊन बाहेर पडू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. मात्र कोणत्या डायमधून किती वळण येईल, हे डाय घडविण्यापूर्वीच कळले पाहिजे. त्यासाठी संपूर्ण क्रिया संगणकात गणिताने घडवून पाहावी लागते. या रीतीस ‘सदृशीकरण’ असे म्हणतात. हे गणित कशावर उभे आहे, त्याचा उपयोग काय आणि त्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचा परिचय पुढे करून दिला आहे.

सोऱ्या आणि दाबयंत्र

दिवाळीत घरोघरी वापरला जाणारा सोऱ्या ज्याने पाहिला आहे, त्याला या क्रियेचे मूळ तत्त्व निराळे शिकविण्याची गरज नाही. सोऱ्यात पीठ भरतात, वरून दट्ट्या दाबतात आणि तळाच्या चकतीला जसे छिद्र असेल तशी शेव अथवा चकली बाहेर पडते. धातूच्या बाबतीत पिठाच्या जागी तापविलेला धातूचा ठोकळा असतो. त्यास बिलेट म्हणतात. हाताच्या जोराऐवजी शेकडो किंवा हजारो टनांचा जोर देणारे द्रवचालित दाबयंत्र असते आणि चकतीच्या जागी कठीण पोलादाची डाय असते. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला ‘बहिःसारण’ म्हणतात. कारखान्यात तिला ‘एक्स्ट्रूजन’ या नावाने ओळखतात.

या तंत्राचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये शिशासारख्या मऊ धातूच्या नळ्या करण्यासाठी दाबयंत्राचे एकस्व मिळविले. १८२० मध्ये टॉमस बर याने द्रवचालित दाबयंत्रावर शिशाच्या नळ्या काढल्या. पितळेसारखे कठीण मिश्रधातू तापवून डायमधून काढण्याची रीत अलेक्झांडर डिक याने १८९४ मध्ये प्रचारात आणली. दरम्यान १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम मिळविण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली होती. ॲल्युमिनियम हा हलका आणि तापविल्यावर सहज वाहणारा धातू विपुल होताच बहिःसारणाचा उद्योग झपाट्याने वाढला. आज खिडक्यांच्या चौकटींपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत ॲल्युमिनियमचे असंख्य छेद याच मार्गाने तयार होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. परंतु बहिःसारणात बिलेट साधारणतः ४५० ते ५०० अंशांपर्यंतच तापवितात. म्हणजे धातू वितळलेला नसतो, तो घन अवस्थेतच वाहतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या बिलेटमधून २० मिलिमीटर व्यासाचा बार काढावयाचा असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ २५ पटीने कमी होते. धातूचे आकारमान मात्र तेवढेच राहते. त्यामुळे दट्ट्या १ मिलिमीटर पुढे सरकला की बार २५ मिलिमीटर बाहेर येतो. पुढील सर्व गणिताचा पाया हाच आहे.

बार वाकतो तो कशामुळे ?

सोऱ्यातून पडणारी शेव नेहमी सरळ पडत नाही. कधी ती एका अंगाला कलते, कधी वळसे घेते. धातूचा बारही असाच वागतो. याचे कारण एकच : छिद्राच्या सर्व भागांतून धातू सारख्या वेगाने बाहेर पडत नाही.

खळ्यावर मळणी चालू असताना तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात डोळ्यांपुढे आणावी. तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात मोठा फेरा पुरा करावा लागतो. दोघे एकाच दाव्याने बांधलेले असल्यामुळे पात वळत राहते. बाराच्या दोन अंगांचे नाते असेच आहे. एक अंग वेगाने आणि दुसरे हळू बाहेर पडले, तर दोन्ही एकाच धातूची असल्यामुळे ती सुटू शकत नाहीत. परिणामी बार हळू अंगाकडे वळतो.

या वळणाचा हिशोब शाळेतील गणिताने करता येतो. दोन अंगांच्या वेगांतील फरक आणि सरासरी वेग यांचे गुणोत्तर हे बाराची जाडी आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणोत्तराइतके असते. २० मिलिमीटर जाडीच्या बाराला १ मीटर, म्हणजे १,००० मिलिमीटर त्रिज्येचे वळण हवे असेल, तर हे गुणोत्तर २० भागिले १,०००, म्हणजे शेकडा २ इतके येते. बाहेरचे अंग सरासरीपेक्षा शेकडा १ ने जलद आणि आतले शेकडा १ ने सावकाश निघाले, की काम झाले. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीला तेच वळण द्यावयाचे झाल्यास फरक शेकडा ५ असावा लागतो.

वेगातील अवघा शेकडा २ चा फरक सरळ बाराचे रूपांतर कमानीत करतो, ही बाब दुधारी आहे. ज्याला सरळ बार हवा आहे, त्याच्या दृष्टीने एवढासा फरकही माल नापास करणारा ठरतो. ज्याला कमान हवी आहे, त्याच्या दृष्टीने तोच फरक हाताशी आलेले साधन ठरतो. सरळ बारांच्या कारखान्यातील अनुभवी कारागिरांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. डायच्या छिद्राच्या ज्या आतील पट्टीला घासून धातू बाहेर पडतो, तिला बेअरिंग म्हणतात. बेअरिंग लांब असेल तेथे घर्षण वाढून धातू मंदावतो. आखूड असेल तेथे तो मोकळा सुटतो. चाचणीत बार वाकडा आला, की कारागीर बेअरिंग योग्य ठिकाणी घासून वेग सारखे करतो. ज्या विद्येने वाकडेपणा काढला जातो, तीच विद्या उलट दिशेने वापरून हवा तेवढा वाकडेपणा आणता येतो.

वळण आणण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग तिरप्या डायचा. छिद्राची वाट दट्ट्याच्या अक्षाला समांतर न ठेवता त्या अक्षाशी काही अंशांचा कोन करून ठेवली, तर छिद्राच्या दोन बाजूंना धातूचा पुरवठा सारखा होत नाही आणि बार वळून बाहेर येतो. जपानमधील शिराइशी, निकावा आणि गोतो या संशोधकांनी अशा तिरप्या डायमधून निघणाऱ्या बारांच्या व नळ्यांच्या वळणाचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. डायचा कल बदलला, की वळण बदलते. म्हणून कल हाच वळणावर ताबा ठेवणारा खटका होय. या मार्गात बाहेरून वाकविणारे वेगळे यंत्र लागत नाही.

दुसरा मार्ग मार्गदर्शक कड्याचा. बार नेहमीप्रमाणे सरळ डायमधून निघतो. पण डायच्या तोंडापासून थोड्या अंतरावर एक मार्गदर्शक ठेवलेला असतो, तो बाराला हलकेच एका अंगाला ढकलतो. या ढकलण्याचा परिणाम मागे डायच्या तोंडापर्यंत पोचतो आणि तेथे वाहत असलेल्या धातूचा वेगच एका अंगाला कमी, दुसऱ्या अंगाला जास्त होतो. जर्मनीतील डॉर्टमुंड येथील तंत्रविद्यापीठात या मार्गावर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संशोधन झाले. तयार बार वाकविणे आणि वाहता धातू वळविणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात धातूवर बळजोरी होते आणि तो परत उसळू पाहतो. दुसऱ्यात धातू वळणाच्या आकारातच जन्माला येतो; त्यामुळे आत राहून जाणारे ताण आणि छेदाची विकृती ही दोन्ही पुष्कळ कमी असतात.

तिसरा मार्ग दोन दट्ट्यांचा. यात बिलेटच्या दोन्ही टोकांना समोरासमोर दोन दट्ट्ये असतात आणि डायचे छिद्र बाजूला, काटकोनात असते. दोन्ही दट्ट्ये सारख्या वेगाने पुढे आले, तर बार सरळ निघतो. एक जलद व एक मंद असेल, तर बार मंद दट्ट्याच्या अंगाकडे वळतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१८ च्या सुमारास ही रीत मांडली. तिचा विशेष असा की, डाय न बदलता केवळ दट्ट्यांच्या वेगांचे प्रमाण बदलून एकाच बारावर वेगवेगळी वळणे आणता येतात.

नळीचे प्रकरण

भरीव बारापेक्षा नळीचे वळण अधिक नाजूक असते. नळी पोकळ करण्यासाठी छिद्राच्या मध्यभागी एक दांडा धरून ठेवावा लागतो. ॲल्युमिनियमसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या डायमध्ये हा दांडा लहान पुलांनी पेललेला असतो. धातूचा प्रवाह या पुलांपाशी दुभंगतो, वेगवेगळ्या दारांतून पुढे जातो आणि पुलांच्या पलीकडील कोठडीत पुन्हा एकत्र येतो. तेथे प्रचंड दाब व उष्णता असल्यामुळे धातू न वितळताच एकजीव होतो. मात्र नळीच्या लांबीभर त्या सांध्याची रेषा राहते.

वळणदार नळीत तीन प्रश्न एकदम उभे राहतात. वळण हवे तेवढे आले काय, हा पहिला. सर्व बाजूंनी भिंतीची जाडी सारखी राहिली काय, हा दुसरा. कारण असमान दाबाने मधला दांडा केसभर जरी सरकला, तरी एक बाजू जाड आणि दुसरी पातळ होते. सांध्यापाशी पुरेसा दाब निर्माण झाला काय, हा तिसरा. तो कमी पडला तर नळी दिसण्यात निर्दोष असूनही आघातासरशी सांध्यावर उकलू शकते. यातील पहिला प्रश्न डोळ्यांनी सुटतो, दुसरा मोजमापाने सुटतो. पण तिसऱ्याचे उत्तर नळी कापून व तोडून पाहिल्यावाचून मिळत नाही. डायच्या आत काय घडते हे बाहेरून दिसत नाही, म्हणूनच सदृशीकरणाची गरज भासते.

सदृशीकरणाची वाटचाल

डायच्या आत डोकावण्याचा प्रयत्न संगणकाच्याही आधीपासून होत आला आहे. प्लॅस्टिसिन म्हणजे मुलांच्या खेळण्यातील तेलकट माती तापविलेल्या धातूसारखी वाहते, हे ओळखून संशोधकांनी दोन रंगांच्या मातीचे थर रचून ते नमुन्याच्या डायमधून दाबले आणि मध्ये कापून प्रवाहरेषा पाहिल्या. ही रीत कालबाह्य झालेली नाही. वर उल्लेखिलेली दोन दट्ट्यांची रीत प्रथम पडताळून पाहण्यासाठीही प्लॅस्टिसिनचाच उपयोग करण्यात आला.

दुसरीकडे कागदावरील गणितही पुढे जात होते. रॉडनी हिल यांच्या १९५० मधील ग्रंथाने आकार बदलणाऱ्या धातूच्या गणिताला पक्की बैठक दिली. जॉन्सन व कुडो यांनी १९६२ मध्ये बहिःसारणाच्या यांत्रिकीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. या गणिताने दाबयंत्राला लागणाऱ्या जोराचा अंदाज चांगला येई. पण वेड्यावाकड्या छेदांपुढे ते थिटे पडे.

ही अडचण ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीने दूर केली. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी विमानांच्या सांगाड्याविषयी १९५६ मध्ये लिहिलेल्या निबंधात तिचे बीज आहे. तिला हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. ली व कोबायाशी यांनी १९७३ मध्ये ती कायमचा आकार बदलणाऱ्या धातूला लागू केली. पद्धतीचे सूत्र समजण्यास कठीण नाही. मोठे शेत एकदम मोजता येत नाही, म्हणून त्याचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाची मोजणी करतात आणि शेवटी बेरीज घेतात. त्याचप्रमाणे डायमधील धातूचे हजारो किंवा लाखो लहान तुकडे कल्पिले जातात. प्रत्येक तुकड्यात आत आलेला धातू व बाहेर गेलेला धातू सारखा असला पाहिजे, शेजारच्या तुकड्यांशी जोर जुळला पाहिजे आणि निर्माण झालेल्या उष्णतेचा हिशोब लागला पाहिजे, या अटी मांडून सर्व समीकरणे संगणक एकत्र सोडवितो.

हे तुकड्यांचे जाळे दोन प्रकारे धरता येते. एका प्रकारात ते प्रवाहाबरोबर वाहत जाते. यामुळे बाराचे टोक बाहेर कसे पडते व कसे वळते हे दिसते. परंतु धातू २५ पटीने लांबत असल्यामुळे जाळे लवकर ओढले-ताणले जाते आणि ते पुन्हा पुन्हा नव्याने विणावे लागते. दुसऱ्या प्रकारात जाळे नदीत रोवलेल्या मासेमाराच्या जाळ्यासारखे स्थिर असते आणि धातू त्यातून वाहतो. यात गणित सुटसुटीत होते. स्थिर झालेल्या प्रवाहातील दोन अंगांचे वेग वाचून वळणाची त्रिज्या पूर्वी सांगितलेल्या हिशोबाने काढता येते. दोन्ही प्रकारांचे गुण एकत्र आणणारी मिश्र रीतही प्रचारात आहे.

काम करण्याचा क्रम साधारणपणे असा असतो. प्रथम डायचा आकार संगणकात रेखाटावयाचा. नंतर धातूचा स्वभाव, म्हणजे कोणत्या तापमानाला व किती वेगाने आकार बदलल्यास तो किती विरोध करतो, याची प्रयोगशाळेत मोजलेली माहिती द्यावयाची. त्यानंतर बिलेटचे व डायचे तापमान, दट्ट्याचा वेग आणि घर्षण ठरवावयाचे. मग डायचा कल क्रमाक्रमाने बदलून प्रत्येक वेळी वळणाची त्रिज्या, भिंतीची जाडी, सांध्यावरील दाब आणि लागणारा जोर यांची नोंद करावयाची. या नोंदींवरून दोन-तीन उत्तम पर्याय निवडावयाचे आणि तेवढ्यांच्याच डाय पोलादात घडवून चाचणी घ्यावयाची.

बचत कशाची होते ?

पूर्वी डाय घडवावी, चाचणी घ्यावी, घासावी, पुन्हा चाचणी घ्यावी, असा क्रम चाले. फसलेल्या प्रत्येक चाचणीत तापविलेले बिलेट, दाबयंत्राचा वेळ आणि इंधन वाया जाते. डाय अति घासली गेली तर ती टाकून द्यावी लागते, कारण काढलेले पोलाद परत बसविता येत नाही. खनिजापासून १ किलोग्रॅम ॲल्युमिनियम तयार करण्यास सुमारे १४ युनिट वीज लागते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. फसलेला माल पुन्हा वितळविता येतो व त्यास मूळच्या मानाने फार थोडी ऊर्जा लागते, हे खरे. परंतु गेलेला वेळ व मजुरी परत येत नाही. मोठ्या कारखान्याला हा तोटा सोसतो. पाच-दहा कामगारांच्या लहान कारखान्याला दोन डाय वाया जाणे म्हणजे मागणीच हातची जाण्यासारखे असते.

दुसरा लाभ पैशांत मोजता येत नाही. बेअरिंग कोठे व किती घासावी हे ज्ञान आजवर कारागिराच्या हातात राहिले आहे. तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते. त्याने केलेली दुरुस्ती संगणकात नोंदवून तिचा परिणाम तपासला, तर त्याची विद्या पुढच्या पिढीला शिकविता येते. संगणक कारागिराची जागा घेत नाही. त्याचे शहाणपण लिहून ठेवण्याचे ते साधन आहे.

गणिताच्या मर्यादा

संगणकाने काढलेली रंगीत चित्रे पाहून ती सत्यच आहेत असे मानण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. उत्तर दिलेल्या माहितीपेक्षा चांगले असू शकत नाही. घर्षणाचा अंदाज थोडा चुकला तरी वेगातील फरक बदलतो. आणि शेकडा २ च्या फरकावर सर्व वळण अवलंबून असताना अशी चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. ॲल्युमिनियमच्या बिलेटची बाहेरची कातडी तापलेल्या पात्राला चिकटून राहते आणि आतला धातू तिच्यावरून घसरतो. सोऱ्याच्या कोपऱ्यात पीठ अडकून राहावे तसा डायच्या कोपऱ्यातही धातू साचून राहतो. या गोष्टी गणितात न घेतल्यास उत्तर भलतेच येते. दाबाखाली डायही किंचित लवते, तापमान दर बिलेटगणिक थोडे बदलते आणि बाहेर आलेला वळणदार बार नीट पेलला नाही, तर स्वतःच्या वजनानेही त्याचा आकार बिघडतो.

केवळ तर्काने दिशाही नेहमी ओळखता येत नाही. एकाच डायमध्ये अनेक छिद्रे असतील, तर छिद्र मध्यापासून किती दूर आहे त्यानुसार बार कधी मध्याकडे तर कधी बाहेरच्या बाजूला वळतो. म्हणूनच या क्षेत्रातील जाणत्यांनी स्वतःच्या गणिताची परीक्षा घेण्याची प्रथा पाडली. इटलीतील बोलोन्या येथे २००७ मध्ये आणि डॉर्टमुंड येथे २००९ मध्ये भरलेल्या परिषदांत ठरावीक डायवर काटेकोर मोजमापे घेऊन निरनिराळ्या संगणकीय प्रणालींची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहण्यात आली. गणित प्रयोगापुढे नम्र राहिले तरच उपयोगी पडते, हा या प्रथेचा मथितार्थ होय.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

हा विषय नववी-दहावीच्या वर्गातही प्रयोगाने शिकविता येतो. एक सोऱ्या, दोन रंगांची खेळण्याची तेलकट माती आणि तीन चकत्या एवढे साहित्य पुरे. पहिल्या चकतीला बरोबर मध्यभागी सुमारे १२ मिलिमीटरचे छिद्र असावे. दुसरीचे छिद्र मध्यापासून बाजूला असावे. तिसरी चकती जाड लाकडाची असून तिचे छिद्र सुमारे १५ अंश तिरपे पाडलेले असावे. तिन्ही चकत्यांतून माती सारख्या वेगाने दाबून काढावी आणि निघालेला तुकडा कागदावर ठेवून त्याच्या आतल्या व बाहेरच्या कडा पेन्सिलीने रेखाव्यात.

या दोन कडांच्या मधोमध येणारे चाप काढून त्याची दोन टोके जोडावीत. ही जीवा झाली. जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतची उंची मोजावी. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागून त्यात उंचीचा निम्मा भाग मिळविला, की वळणाची त्रिज्या मिळते. जीवा ८० व उंची ८ मिलिमीटर असल्यास ६,४०० भागिले ६४, म्हणजे १००, अधिक ४, अशी १०४ मिलिमीटर त्रिज्या येते. तुकडा १२ मिलिमीटर जाड असेल, तर दोन अंगांच्या वेगांतील फरक १२ भागिले १०४, म्हणजे सुमारे शेकडा साडेअकरा होता, हे विद्यार्थी स्वतःच काढू शकतील.

त्यानंतर दोन रंगांच्या चकत्या एकावर एक रचून सोऱ्या भरावा, निम्मा दाबून थांबावे, आतील माती अलगद काढून तारेने उभी कापावी. सपाट भरलेले थर मध्यभागी पुढे ओढले गेलेले आणि कोपऱ्यात मागे राहिलेले दिसतील. हाच प्रयोग घट्ट मळलेल्या कणकेने केल्यास ती छिद्राबाहेर पडताच थोडी फुगते व आखडते, असेही दिसेल. कणकेला अंगची लवचीकता असते, मातीला ती फारच थोडी. कोणत्या पदार्थाने कोणत्या पदार्थाची नक्कल करावी, हा सदृशीकरणातील पहिला धडा विद्यार्थ्यांना येथेच मिळतो.

लहान कारखाने आणि प्रशिक्षण

पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर या परिसरांत यंत्रांचे व वाहनांचे सुटे भाग करणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. वाहने हलकी करण्याकडे जगाचा कल असल्यामुळे वळणदार ॲल्युमिनियम छेदांना महत्त्व येत आहे. जर्मनीत १९९४ मध्ये बाजारात आलेल्या आउडी ए-८ या मोटारीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. डाय घडविण्याचे शिक्षण छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत मिळते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने मुक्त संगणकप्रणालींच्या प्रसाराचे काम हाती घेतले असून, प्रवाहाचे गणित करणारी ओपनफोम ही विनामूल्य प्रणाली त्यात समाविष्ट आहे. तापलेल्या धातूकडे एक अतिशय दाट प्रवाही पदार्थ म्हणून पाहता येत असल्याने अशा प्रणालीवर या विषयाचा प्राथमिक अभ्यास करता येतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने अथवा उद्योगसंघ यांच्यासाठी अशी सुविधा उभारताना संबंधित अधिकाऱ्यांनी पुढील प्रश्न विचारणे हितावह ठरेल :

१. वापरावयाच्या मिश्रधातूची मोजलेली माहिती उपलब्ध आहे काय, की पुस्तकातील आकडे तसेच घेतले आहेत ?

२. घर्षण कसे ठरविले ? ते थोडे कमी-जास्त केल्यास उत्तर किती बदलते, हे पाहिले आहे काय ?

३. जाळे अधिक बारीक केल्यावरही उत्तर तेच राहते काय ?

४. निदान एका प्रत्यक्ष डायवरील मोजमापांशी गणिताची तुलना केली आहे काय ?

५. प्रणाली हाताळणारा तंत्रज्ञ दाबयंत्रावर उभा राहिलेला आहे काय, आणि दाबयंत्रावरील कारागिराला गणिताचे निष्कर्ष दाखविले जातात काय ?

या पाच प्रश्नांची समाधानकारक उत्तरे नसतील, तर महागडा संगणक व प्रणाली घेऊनही हाती फक्त रंगीत चित्रे येतील. ती असतील, तर साध्या साधनांवरही उपयुक्त काम होऊ शकेल.

वाकडा आलेला बार पूर्वी भंगारात जाई. तो का वाकला याचा विचार झाला, वेगातील फरकाचा हिशोब मांडला गेला, तेव्हा त्याच वाकडेपणातून बिनसुरकुत्यांची, सारख्या जाडीची वळणदार नळी काढण्याचा मार्ग सापडला. हा मार्ग लहान कारखान्याच्या दारापर्यंत नेण्यासाठी प्रयोगशाळेतील गणित, दाबयंत्रावरील हात आणि वर्गातील फळा यांची सांगड घातली गेली पाहिजे. ती घालण्याचे काम शिक्षक, प्रशिक्षण संस्था आणि विकासकार्यातील अधिकारी यांनीच करावयाचे आहे.